स्टीलचा डबा शिल्प कधी होतो?

२०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका लिलावात भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं एक केळं ६२ लाख डॉलरला गेलं. मौरिझिओ कातेलान या इटालियन कलाकाराचं ते काम. बातमी आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरली आणि नागपुरात ज्याने त्याने तेच विचारलं, "हे काय चाललंय जी?"

दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांच्या चौकांत, बागांत, उड्डाणपुलांखाली नटबोल्ट, चेन, गिअर आणि पत्र्यांपासून केलेले मोर, सिंह, बैल उभे राहिले आहेत. तिथे लोक मुलांना घेऊन जातात, फोटो काढतात. कोणी म्हणत नाही की ही फसवणूक आहे.

दोन्ही कामं आयत्या वस्तूंची आहेत. कलाकाराने ती वस्तू घडवलेली नाही, बाजारातून आणली किंवा भंगारातून उचलली. मग एकाला शाबासकी आणि दुसऱ्याची टिंगल का? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आज कारखान्यातून येते. या वस्तूंबद्दल कला काही बोलणार नसेल, तर आपल्या रोजच्या जगण्याचा मोठा भाग तिच्या बाहेरच राहील.

आधी तीन शब्द

शिल्प करायच्या जुन्या रीती तीन. दगड किंवा लाकडातून नको ते काढून टाकायचं. मातीवर माती चढवत आकार आणायचा. किंवा साचा करून त्यात धातू ओतायचा. तिन्हींत सुरुवातीला असतो तो कच्चा माल, आणि वस्तू शेवटी तयार होते.

विसाव्या शतकात चौथी रीत आली. तिच्यात सुरुवातीलाच तयार वस्तू असते. त्यातही तीन प्रकार आहेत. एकच वस्तू जशीच्या तशी निवडून शिल्प म्हणून मांडली तर तिला 'रेडीमेड' म्हणतात. अनेक वस्तू जोडून एक आकार केला तर त्याला आपण इथे 'जोडशिल्प' म्हणू. आणि वस्तूंनी खोली, अंगण किंवा भिंत व्यापून टाकली, बघणाऱ्याला त्यांच्यामधून किंवा भोवतीने चालावं लागलं, तर ते 'मांडणशिल्प'. एवढे तीन शब्द पुरे.

कारखान्यातली वस्तू म्हणजे काय, तेही एकदा बघून घेऊ. स्टीलचा डबा कसा होतो? पत्र्यातून गोल चकती कापतात. ती डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, ठेवून प्रेसने दाबली की चकतीची वाटी होते, वाटीची खोल वाटी होते. काठ कापून दुमडतात आणि बफिंग करून चमक आणतात. त्याच डायमधून दुसरा डबा निघतो, तिसरा निघतो, आणि हजारावा डबाही पहिल्यासारखाच असतो. हे सारखेपण हाच अशा शिल्पाचा खरा कच्चा माल आहे. एका डब्याकडे आपण बघतही नाही. तेच पाच हजार डबे एका जागी आले की बघावंच लागतं.

१९१३ साली काय झालं

पॅरिसमध्ये मार्सेल द्युशां या फ्रेंच चित्रकाराने सायकलचं पुढचं चाक उलटं करून स्वयंपाकघरातल्या एका स्टुलावर बसवलं. वर्ष १९१३. चाक फिरायचं, पण जायचं कुठेच नाही. पुढच्या वर्षी त्याने बाटल्या वाळवायचा लोखंडी स्टँड विकत घेतला. १९१५ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर बर्फ उपसायचं फावडं घेतलं.

मग १९१७ चा एप्रिल. न्यूयॉर्कमध्ये कलाकारांच्या एका संस्थेने प्रदर्शन जाहीर केलं. अट एवढीच की सहा डॉलर भरा आणि तुमचं काम लावा, निवड समिती नाही. द्युशांने दुकानातून पुरुषांची मुतारी आणली, आडवी ठेवली, तिच्यावर 'आर. मट' अशी सही केली आणि 'कारंजं' असं नाव देऊन पाठवली. द्युशां स्वतः त्या संस्थेच्या संचालकांपैकी होता, पण मट म्हणजे कोण हे बाकीच्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मतदान करून ती नाकारली. नियमात नाकारायची सोयच नसताना नाकारली.

नंतर एका छोट्या मासिकात तिची बाजू घेणारा लेख आला. त्याचा मुद्दा असा होता: मट यांनी ही वस्तू स्वतःच्या हाताने केली की नाही याला महत्त्व नाही, त्यांनी ती निवडली. रोजची वस्तू उचलली, तिचा उपयोग नव्या नावाखाली दडवला आणि तिच्याबद्दल एक नवा विचार उभा केला. शंभराहून जास्त वर्षं झाली, या कलेवरचा वाद अजून याच दोन-तीन वाक्यांभोवती फिरतो.

१९१३ ची आणखी एक गोष्ट सांगतो. त्याच साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्यांसाठी चांगलं पोलाद शोधत होता. त्याने क्रोमियम जास्त असलेलं पोलाद केलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे गंजत नाही. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर करतं, ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा तयार होतो. आपल्या घरातलं स्टेनलेस स्टील ते हेच. आयत्या वस्तूचं शिल्प आणि पुढे भारतीय शिल्पकाराच्या हाती आलेला धातू, दोघांचं वर्ष एकच.

निवड, संख्या, जागा

पण नुसतं निवडलं म्हणजे शिल्प झालं का? इथे रुखवत डोळ्यांसमोर आणा.

लग्नात हॉलच्या एका बाजूला टेबलं लावून रुखवत मांडतात. स्टीलच्या पातेल्यांची उतरंड, चमच्यांचं फूल, लाडवांचा डोंगर, करंज्यांची नक्षी. ती पातेली त्या दिवशी कोणी चुलीवर ठेवत नाही. त्यांचं काम तेवढ्यापुरतं थांबलेलं असतं, म्हणून ती दुसरं काही सांगू शकतात. बायका समोरून जातात आणि तेवढ्यात सगळं वाचतात. पातेली किती, जाड की पातळ, कोणत्या आत्याने हौसेने काय केलंय, कोणाला मानाचं वरच्या पायरीवर बसवलंय. कोणती वस्तू, किती आणि कुठे, या तीन निर्णयांतून एका घरची गोष्ट उभी राहते.

शिल्पकाराचे निर्णय हेच तीन आहेत. वस्तूचं काम थांबवायचं आणि निवड, संख्या, जागा यांतून तिला बोलतं करायचं. फरक इतकाच, रुखवताला काय सांगायचंय ते आधी ठरलेलं असतं आणि बघणाऱ्याला ते ठाऊक असतं. शिल्पकार त्याच वस्तूंकडून असं काही वदवून घेतो, जे त्यांच्याबद्दल आपण कधी मनात आणलेलं नसतं.

स्टीलची भांडी: जवळून

नागपूरहून साठेक किलोमीटरवर भंडारा. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. आमच्या आजीच्या पिढीची स्वयंपाकघरं पितळेची आणि तांब्याची होती. कल्हईवाला दारावर यायचा, भाता लावायचा, नवसागर टाकून भांडं पांढरंशुभ्र करून द्यायचा. मग स्टील आलं. कल्हई नको, चिंच नको, घासलं की चकचकीत. पितळ मोडीत देऊन स्टील घ्यायची एक लाटच आली, आणि स्टील घरात येणं म्हणजे घर वर येणं असं झालं.

नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात आजही डबा घेतला की विचारतात, "नाव टाकायचं का ताई?" हो म्हटलं की मुलगा पेनासारखं विजेचं यंत्र हातात घेतो. त्याचं टोक थरथरतं, डब्याच्या गळ्याखाली टकटक आवाज करत बारीक टिंबं उमटत जातात आणि टिंबांची अक्षरं होतात. नाव, तारीख, 'मामा-मामीकडून सप्रेम भेट'. तो बोटाने वरची चूर झटकतो, अक्षर उजेडात धरून बघतो, एखादी वेलांटी पुन्हा गिरवतो. प्रेसमधून निघालेल्या हजार सारख्या डब्यांपैकी एक डबा त्या मिनिटात कोणाचा तरी होतो. अशा डब्यांना नंतर कोणी सहज टाकत नाही. मामा जातात, डबा राहतो, त्यात तूरडाळ असते.

शिल्पकार सुबोध गुप्ता यांनी हेच स्टील उचललं. जन्म १९६४, पाटण्याजवळच्या खगौलचा. पाटण्याच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकले. त्यांच्या कामांत थाळ्या, लोटे, बादल्या, डबे, पळ्या शेकड्यांनी आणि हजारांनी येतात. २००६ मध्ये त्यांनी भांड्यांची एक प्रचंड कवटी केली. तिचं नाव 'व्हेरी हंग्री गॉड', म्हणजे फार भुकेला देव. दुसऱ्या वर्षी ती व्हेनिसमध्ये मोठ्या कालव्याच्या काठी ठेवली होती. लांबून दात आणि डोळ्यांच्या खोबणी दिसतात. जवळ गेलं की कळतं, हे आपलं स्वयंपाकघर आहे आणि यातलं प्रत्येक भांडं रिकामं आहे. भूक दाखवायला कलाकाराने उपाशी माणूस घडवला नाही, जेवणाची भांडीच घेतली.

२००८ चं 'लाइन ऑफ कंट्रोल' आणखी मोठं आहे, उंची दहा मीटरच्या आसपास. अणुस्फोटानंतर उठतो तसा ढग, आणि तो सगळा थाळ्या-डब्यांचा. पुढच्या वर्षी ते लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात दाखवलं गेलं. नंतर ते दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाकडे आलं. सीमेवरचा स्फोट घरातल्या मांडणीवर काय करील, हे सांगायला त्याला शब्द लागत नाहीत.

हेच दगडात कोरलं असतं तर? आकार तोच राहिला असता, पण माझ्या आईने घासलेली थाळी त्यात नसती. दगडाच्या ढगाकडे मी बाहेरचा म्हणून बघितलं असतं. थाळ्यांच्या ढगाशी मात्र माझं नातं आहे.

चौकातल्या मोरात काय कमी असतं

यातून मला एक कसोटी सापडते. शिल्पाजवळ गेल्यावर मूळ वस्तू बोलते की गप्प बसते, हे बघायचं.

बऱ्याच भंगारशिल्पांत ती गप्प असते. मोराच्या पिसाऱ्यात सायकलची चेन आहे, पण चेनच का? तिच्या जागी तार चालली असती, पत्रा चालला असता. वस्तूचा उपयोग फक्त आकार भरायला झाला. कारागिराचं कसब त्यात असतं, मेहनत तर प्रचंड असते, आणि मी ती कमी लेखत नाही. पण 'अरे, हा बोल्ट आहे!' या पहिल्या नवलानंतर बघण्यासारखं फार उरत नाही.

याउलट पिकासोचं १९४२ चं बैलाचं डोकं बघा. सायकलची सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं, बस. दोनच वस्तू. तो बैल दिसतो आणि त्याच वेळी सायकलही दिसत राहते, एक दुसऱ्याला झाकत नाही. पिकासो म्हणायचा की उद्या कोणी हे भंगारात टाकलं आणि एखाद्याला वाटलं की याचं छान हँडल होईल, तर दुहेरी रूपांतर होईल.

घानात जन्मलेले आणि नायजेरियात काम करणारे एल अनात्सुई यांचंही उदाहरण द्यायला हवं. ते दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं आणि बाटलीच्या गळ्याच्या पट्ट्या चपट्या करून तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधतात. हजारो बुचांचा एक मोठा शेला होतो, भिंतीवर घड्या पाडून टांगलेला, लांबून जरीकाठासारखा. जवळ गेल्यावर बुचांवरची दारूची नावं वाचता येतात. युरोपातली दारू आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापारातून आली आणि त्याच व्यापारात माणसंही विकली गेली. तो सगळा इतिहास त्या बुचात आहे. इथे बुचाच्या जागी दुसरं काही चालणार नाही. २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांना जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह मिळाला.

भारतात भंगारातून उभं राहिलेलं सगळ्यात मोठं काम चंदीगडचं आहे. नेकचंद सैनी तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर उभारताना जुनी गावं पाडली जात होती. त्यांनी १९५७ च्या सुमारास त्या पाडापाडीतले तुकडे, फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा, विजेचे सॉकेट गोळा करून जंगलातल्या सरकारी जमिनीवर गुपचूप आकृत्या उभ्या करायला सुरुवात केली. कित्येक वर्षं कोणाला पत्ता नव्हता. सापडल्यावर ते पाडायची वेळ आली होती, पण लोकांचा पाठिंबा मिळाला आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन सर्वांसाठी खुलं झालं. काँक्रीटच्या आखीव शहराने जे मोडून टाकलं, तेच त्या शहराच्या कडेला माणसं होऊन रांगेत उभं आहे.

"हे तर मीही करू शकतो"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो रास्त आहे. हात सफाईदार असणं हीच कलेची अट असेल तर स्टुलावरचं चाक त्यात बसणार नाही. करता येईल का असं विचाराल तर हो, तुम्हाला करता येईल. फक्त पहिल्यांदा सुचणं आणि सुचलेलं टिकणारं असणं ही वेगळी बाब आहे. मुतारीची नक्कल आज कोणीही मांडू शकेल, पण १९१७ मध्ये तिने विचारलेला प्रश्न आता विचारून झालेला आहे. म्हणूनच मला केळ्याबद्दल फार प्रेम नाही. शंभर वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न त्याने मोठ्या आवाजात पुन्हा विचारला, एवढंच मला त्यात दिसतं.

आणि सगळीच आयत्या वस्तूंची शिल्पं सोपी नसतात, हे पुढे नागपूरच्या उन्हात बघू.

"मग ६२ लाख डॉलर कशाचे?"

केळ्याचे नक्कीच नाहीत, ते सडतं आणि बदलतात. विकत घेणाऱ्याला मिळतं एक प्रमाणपत्र आणि ते कसं लावायचं याच्या सूचना. या कामाच्या तीनच प्रती विक्रीसाठी होत्या, शिवाय कलाकाराच्या दोन. २०१९ मध्ये मायामीत पहिल्या प्रती विकल्या गेल्या तेव्हा भाव १ लाख २० हजार डॉलरपासून सुरू झाला होता. किंमत वाढली ती प्रसिद्धीमुळे, टंचाईमुळे आणि श्रीमंतांच्या चढाओढीमुळे. हे बाजाराचं गणित झालं. शिल्प चांगलं की वाईट हे त्यावरून ठरत नाही, कुठल्याच बाजूने ठरत नाही.

सरकारी पैशाचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. लंडनच्या टेटने १९७२ मध्ये कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराचं १२० भट्टीच्या विटांचं काम विकत घेतलं. दोन थरांत आयताकार रचलेल्या विटा, ना चुना, ना सिमेंट. १९७६ मध्ये वर्तमानपत्रांनी तो विषय उचलला आणि जनतेच्या पैशातून विटा घेतल्या म्हणून गदारोळ झाला. जनतेचा पैसा असेल तर विचारायचा हक्क जनतेला आहेच. पण 'हे विटांचं का?' हा प्रश्न जसा विचारला गेला, तसाच 'हा मोर का? याच चौकात का?' हाही विचारायला हवा. मोर ओळखता येतो म्हणून तो प्रश्नातून सुटत नाही.

कायद्यालाही हे कळेना

१९२६ मध्ये कॉन्स्टंटिन ब्रांकुसी या शिल्पकाराचं 'बर्ड इन स्पेस', म्हणजे अवकाशातला पक्षी, अमेरिकेच्या बंदरात उतरलं. उभा, निमुळता, झळाळता धातू. पंख नाहीत, चोच नाही. कलाकृतीवर जकात नव्हती. कस्टम अधिकाऱ्यांना त्यात पक्षी दिसेना. त्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयातलं साहित्य या वर्गात घातलं आणि ४० टक्के जकात लावली. हे शिल्प आयत्या वस्तूचं नव्हतं, पण खटल्यातला प्रश्न आपलाच होता: वस्तू कुठे संपते आणि शिल्प कुठे सुरू होतं? १९२८ मध्ये न्यायालयाने ब्रांकुसीच्या बाजूने निकाल दिला.

वाद तिथे मिटला नाही. डॅन फ्लेविन हा अमेरिकन कलाकार दुकानात मिळणाऱ्या ट्यूबलाइटचीच शिल्पं करायचा. २०१० मध्ये युरोपीय आयोगाने ठरवलं की करासाठी ती भिंतीवरचे दिवेच मानायचे.

"मूळ हरवलं तर काय राहिलं?"

द्युशांची १९१७ ची मुतारी हरवली, उरला तो छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्सने काढलेला फोटो. १९६४ मध्ये द्युशांच्या संमतीने आठ प्रती केल्या गेल्या. तोवर ते मॉडेल बाजारात मिळत नव्हतं, म्हणून फोटोवरून हुबेहूब आकार घडवून घ्यावा लागला. कारखान्यातली वस्तू निवडून जे काम झालं होतं, त्याची प्रत कारागिराने हाताने घडवली! जगातल्या संग्रहालयांत लोक आज बघतात त्या बहुतेक या प्रती.

"भंगार वापरलं म्हणजे पर्यावरण वाचलं ना?"

सरसकट नाही. लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम, पितळ, तांबं यांना भाव आहे. कबाडी ते घरून नेतो, लोहचुंबक लावून वेगळं करतो, ते भट्टीत जातं आणि पुन्हा धातू होतं. ही साखळी आपल्याकडे उत्तम चालते, कारण हजारो माणसांचं पोट तिच्यावर आहे. दोन टन लोखंड मोरात वेल्डिंग करून टाकलं तर तो धातू त्या साखळीतून बाहेर पडला, वाचला नाही. शिवाय अनेक प्रसिद्ध शिल्पांतली भांडी कोरीच असतात.

जे कोणी उचलत नाही त्याचं शिल्प झालं तर मात्र मुद्दा वेगळा. वेफर्सची अनेक पदरांची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, फाटकी चप्पल. कलाकार विवान सुंदरम यांनी २००८ च्या 'ट्रॅश' या कामात दिल्लीतल्या कचरा वेचणाऱ्यांसोबत टाकाऊ वस्तूंचं अख्खं शहर मांडलं आणि त्याचे मोठे फोटो काढले. कचरा वाचवल्याचा दावा त्यात नव्हता. शहर काय टाकतं आणि ते कोण उचलतं, हे त्यात दिसत होतं.

"मग अजब बंगल्यातल्या वस्तूही शिल्पच का?"

अजब बंगला म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चं. तिथे काचेमागे जुनी हत्यारं आहेत, आदिवासींच्या वापरातल्या वस्तू आहेत. त्यांचंही काम थांबलेलं आहे, त्याही मांडलेल्या आहेत. पण तिथे वस्तू स्वतःचीच साक्ष देते: मला कोणी, कशासाठी वापरलं. तिला दुसरं काही म्हणायला लावलेलं नाही. शिल्पात कवटी झालेली थाळी स्वतःपलीकडचं काही सांगते. तरी अशा वस्तूंसमोर पाचेक मिनिटं उभं राहायची सवय लागली, तर मांडणशिल्प बघणं पुष्कळ सोपं जातं.

"ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं"

रेडीमेड हा शब्द आणि त्याची चर्चा तिकडची, हे खरं. पण नागपूरकराने तरी असं म्हणू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवत काढतो, ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची. त्यांच्यासोबत बडगे निघतात. बांबूचा सांगाडा, गवत, कागद, चिंध्या, कोणाचा तरी जुना सदरा-पँट, आणि गळ्यात त्या वर्षीचा राग लिहिलेली पाटी. महागाई, भ्रष्टाचार, व्यसन, जे सलत असेल ते. महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मिरवणूक जाते आणि शेवटी ते सगळं जाळतात.

बडग्याच्या अंगावरचा सदरा शिवून घेतलेला नसतो, घालून जुना झालेला असतो. म्हणून तो बाहुला न वाटता माणूस वाटतो. मूर्तिकारांच्या चितारओळीत देखणी मूर्ती घडते आणि त्याच शहरात बडगाही उभा राहतो, दोन्ही बघायची नजर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

नागपूरच्या उन्हात आणि पावसात

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. आयत्या वस्तूंचं शिल्प उघड्यावर टिकवणं दगडी पुतळ्यापेक्षा कठीण आहे.

स्टीलच्या भांड्याचा पत्रा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचा असतो. साध्या वेल्डिंगने त्याला भोक पडतं, म्हणून आरगॉन वेल्डिंग करणारा हलका हात लागतो. भांडी भार घेत नाहीत, भार घेतो आतला सांगाडा. तो साध्या लोखंडाचा केला तर दोन अडचणी येतात. पहिली उष्णतेची. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, धातू त्याहून बराच जास्त तापतो आणि रात्री निवतो. ४० अंशांच्या फरकाला १० मीटर स्टेनलेस स्टील ७ मिलीमीटरच्या आसपास वाढतं, साधं लोखंड ५ च्या आसपास. दोघांना घट्ट जखडलं तर दर दिवसाच्या ताणाने जोड तुटत जातात. म्हणून काही जोड मुद्दाम सैल, सरकते ठेवावे लागतात.

दुसरी अडचण पाण्याची. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि ओले झाले की त्यांच्यात बारीक विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला कमकुवत धातू झिजतो. मोठ्या स्टीलच्या शिल्पात लोखंडी बोल्ट वापरला की तोच आधी जातो. पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ओघळ दिसतात आणि लोक म्हणतात, स्टीलला गंज चढला. मधे रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घातला तर हे बरंच टळतं. प्लॅस्टिकचा शत्रू ऊन आहे. विदर्भाच्या उन्हात बादल्या-मग्यांचा रंग उडतो आणि प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं.

आणि डास. वर तोंड केलेलं प्रत्येक भांडं पावसाळ्यात पाणी धरतं. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. शंभर वाट्यांचं शिल्प म्हणजे चौकात शंभर डबकी. प्रत्येक भांड्याच्या तळाला भोक पाडणं किंवा ते तिरकं बसवणं हे आराखड्यातच यायला हवं, आणि हे तपासायची जबाबदारी कोणाची तेही.

पाटीवर काय असावं

चौकातल्या शिल्पाखाली बहुतेक वेळा उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं ते असतं. बघणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. वस्तू कोणत्या, किती, कुठून आल्या, हे असलं तर उपयोग आहे. 'बसची गिअर, अमुक डेपोतून' किंवा 'घरोघरी मागून आणलेली ४०० जुनी भांडी' एवढं लिहिलं तरी माणूस दोन पावलं जवळ जाऊन शोधू लागेल.

शाळांनी मुलांना अशा शिल्पासमोर न्यावं आणि त्यातल्या वस्तू मोजायला लावाव्यात. कोणती वस्तू काढून दुसरी घातली तर बिघडेल, कोणती घातली तरी चालेल, हे विचारावं. चित्रकला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना महापालिकेने एखादा चौक द्यावा. त्यांनी इतवारीच्या भांड्यांचं, कळमन्याच्या मंडीतल्या क्रेटचं, कापडाच्या रिकाम्या रिळांचं काही करून दाखवावं. मोर आणि सिंह झाले पुष्कळ.

आणि पाटीवर कलाकाराच्या नावाखाली वेल्डरचंही नाव यावं. हिंगण्याच्या एखाद्या शेडमध्ये त्याने अर्ध्या मिलीमीटरच्या पत्र्यावर ठिणगी धरली आणि भोक पडू दिलं नाही. भांड्यावर नाव टाकून देणारी माणसं आपल्या शहरात आहेत, हे नावही ती टाकून देतील.